डब्यावरचं बाळ कुणी पळवलं?

केमिस्टच्या दुकानात काउंटरमागच्या फळीकडे एकदा नीट बघा. डायपरच्या पाकिटावर बाळ, साबणाच्या खोक्यावर बाळ, मालिशच्या तेलावर बाळ. बिस्किटाच्या पुड्यावर तर एक बाळ पिढ्यान्‌पिढ्या हात वर करून बसलंय. आणि जो डबा फक्त बाळासाठीच बनतो, त्या पावडरच्या दुधाच्या डब्यावर? आकडे, रंगीत पट्टे, बारीक टायपातला मजकूर. बाळाचा पत्ता नाही.

त्याला पळवलंय आपल्या संसदेनं.

आधी डबा वाचा

1992 साली संसदेनं एक लांबलचक नावाचा कायदा केला. आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकली जाणारी पावडर, दुधाच्या बाटल्या आणि बालआहार अशा तिन्हींचं उत्पादन, पुरवठा आणि वितरण यांवर नियंत्रण आणणारा. 1 ऑगस्ट 1993 पासून तो लागू झाला, 2003 मध्ये आणखी कडक झाला. डब्यावर बाळाचा फोटो नको, आईचा नको, दोघांचा मिळून तर नकोच. ‘आईच्या दुधासारखं’ असं सुचवणारे शब्द नकोत. दर्शनी भागावर ठळक अक्षरांत ‘आईचं दूध हेच तुमच्या बाळासाठी सर्वोत्तम’ या अर्थाची सूचना हवीच. म्हणजे दुसऱ्याचा माल चांगला, हे स्वतःच्याच डब्यावर छापायचं! धंद्यात अशी वेळ शत्रूवरही येऊ नये.

जाहिरात टीव्हीवर नको, पेपरात नको, होर्डिंगवर नको. फुकट नमुने नकोत. विक्रीवर कमिशन नको. डॉक्टरांना भेटवस्तू नकोत, त्यांच्या परिषदांना पैसे नकोत. आणि हे सगळं बाळ दोन वर्षांचं होईपर्यंतच्या मालाला लागू. विक्रीला मात्र बंदी नाही. डबा राजरोस मिळतो, फक्त त्याचे गोडवे गायचे नाहीत.

एवढा राग कशासाठी? त्याची गोष्ट मोठी मजेशीर आहे, आणि मधेमधे अजिबात मजेशीर नाही.

आकाशातून जाहिरात

1865 मध्ये युस्टुस फॉन लीबिग या नामांकित जर्मन रसायनशास्त्रज्ञानं गायीचं दूध, गव्हाचं पीठ, माल्ट आणि चिमूटभर पोटॅशियम बायकार्बोनेट असं मिश्रण बाळांसाठी सुचवलं. दोनच वर्षांनी स्वित्झर्लंडच्या व्हवे गावात आन्री नेस्ले यांनी आपलं दूधपीठ बाजारात आणलं. मग रांगच लागली, आणि रांग लागली की ओरडणं आलंच. 1897 मध्ये नेस्लेच्या बालआहाराचं पोस्टर रंगवलं अल्फोन्स मुखानं. तोच तो, पॅरिसच्या भिंतींवर लांब केसांच्या बायका रंगवून गाजलेला.

पण कडी केली मेलिन्स फूड या बालआहाराच्या कंपनीनं. सप्टेंबर 1902 मध्ये स्टॅन्ली स्पेन्सर नावाचा पठ्ठ्या स्वतः बनवलेलं फुग्याचं हवाई जहाज घेऊन लंडनवरून उडाला. इंजिनावर चालणारं यान लंडनवर उडण्याची ही पहिलीच खेप. खाली लोक माना वर करून बघतायत आणि वर फुग्याच्या पोटावर भल्यामोठ्या अक्षरांत बाळाच्या खाण्याचं नाव! खर्च कंपनीचा. जहाज निघालं क्रिस्टल पॅलेसहून, तिथेच परत यायचं होतं, पण वाऱ्यापुढे काही चालेना. शेवटी शहराच्या दुसऱ्या टोकाला, हॅरोजवळ उतरलं.

याच मेलिन्समध्ये आधी जेम्स हॉर्लिक नावाचा औषधविक्या कामाला होता. तो अमेरिकेत भावाकडे गेला आणि 1873 मध्ये दोघांनी स्वतःचा धंदा थाटला. होय, तेच हॉर्लिक्स. आपल्याकडे आजाऱ्याच्या उशाशी दिसणारी ती बाटली जन्मली बाळांच्या आणि आजाऱ्यांच्या खाण्यासाठी. धाकट्या भावानं पुढे ध्रुवीय मोहिमांना इतका हात दिला, की अंटार्क्टिकावर आज हॉर्लिक नावाची पर्वतरांग आहे.

औषधांसाठी माहीत असलेली ग्लॅक्सो? तिचाही पाया दुधाच्या पावडरीचाच. न्यूझीलंडमधल्या बनीथॉर्प या गावात. ग्लॅक्सोनं बाळं गुटगुटीत होतात, अशा अर्थाची तिची इंग्रजी घोषणा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तोंडोतोंडी होती.

गर्बरचं गुटगुटीत बाळ

जाहिरातीतल्या बाळांचा राजा म्हणजे अमेरिकेतल्या गर्बर कंपनीचं बाळ. 1928 मध्ये कंपनीनं चित्रं मागवली. डोरोथी होप स्मिथ या चित्रकर्तीनं शेजारच्या बाळाचं कोळशानं काढलेलं अर्धवट रेखाटन पाठवलं आणि सोबत कळवलं, की आवडलं तर पूर्ण करून देईन. कंपनी म्हणाली, हात लावू नका, असंच राहू द्या! ते बाळ, म्हणजे ॲन टर्नर कुक, मोठी होऊन फ्लोरिडात इंग्रजीची शिक्षिका झाली, निवृत्तीनंतर रहस्यकथा लिहू लागली आणि 2022 मध्ये 95 व्या वर्षी वारली. डब्यावर मात्र शेवटपर्यंत पाच महिन्यांचीच राहिली.

या गोड बाळानं एका देशाला घाम फोडला. ग्वाटेमालानं 1983 मध्ये बालआहाराच्या डब्यांवर बाळांची चित्रं छापायला बंदी घातली. गर्बर म्हणाली, बाळ आमचा ट्रेडमार्क आहे, हलणार नाही. प्रकरण आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या धमकीपर्यंत गेलं. 1995 मध्ये तिथल्या न्यायालयानं आयात मालाला त्या कायद्यातून सूट दिली. देश हरला, बाळ जिंकलं.

तिसरा दिवस

आता जरा थांबू या, कारण सगळ्या जाहिरातींचं गणित एका दिवसावर टेकलेलं आहे.

बाळंतपणानंतरचा दुसरा-तिसरा दिवस. पहिले काही दिवस येतो तो चीक. पिवळसर, दाट, चमचा-दोन चमचे. बाळाला तेवढा पुरतो. पण कॉटभोवती जमलेल्यांना पुरत नाही. बाळ रडतं. मावशी म्हणते, ‘‘भूक भागत नाहीये गं त्याची.’’ आजी म्हणते, ‘‘आमच्या वेळी असं नव्हतं.’’ कुणीतरी मधाचं बोट चाटवायच्या तयारीत उभं. टाके दुखतायत, झोप नाही, आणि त्या खोलीत जिला सगळ्यात कमी बोलायचं बळ असतं ती बाळंतीणच. मग ते वाक्य येतं: ‘‘दूध पुरत नाही वाटतं. वरचं सुरू करू या का?’’

जगातला कुठलाही जाहिरातवाला यापेक्षा जास्त डबे खपवणारं वाक्य लिहू शकलेला नाही.

पुढचं शरीर करतं. जितकं ओढलं जाईल तितकं अंगावरचं दूध तयार होतं. बाटलीनं पोट भरलेलं बाळ ओढत नाही. ओढलं नाही की दूध कमी होतं. कमी झालं की दुसरा डबा. म्हणून फुकटचा पहिला डबा हा कंपनीसाठी खर्च नसतोच, ते बियाणं असतं. आणि आपल्याकडे परिस्थिती अशी, की 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 88.6 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली, पण पहिल्या तासात छातीशी लागलेली बाळं फक्त 41.8 टक्के. दवाखान्यात पोचलो, तासाभराचं काम राहिलं.

रोटरी क्लबातलं भाषण

1939, सिंगापूर. रोटरी क्लबात पाहुण्या वक्त्या डॉ. सिसिली विल्यम्स. जमैकात जन्मलेल्या, ऑक्सफर्डमध्ये वैद्यक शिकायला मिळालेल्या सुरुवातीच्या मुलींपैकी. आफ्रिकेत गोल्ड कोस्टला काम करताना क्वाशिओरकोर हा कुपोषणाचा आजार वैद्यकाच्या नजरेस आणून दिला तो यांनीच. सिंगापुरात त्यांना दिसलं, की नर्ससारखे कपडे घातलेल्या मुली घरोघर फिरून नवजात बाळांच्या आयांना डबाबंद गोड दूध गळ्यात मारतायत. भाषणाचं शीर्षक त्यांनी ठेवलं ‘दूध आणि खून’. चुकीच्या प्रचारानं झालेल्या बालमृत्यूंना खूनच म्हटलं पाहिजे, असं त्या म्हणाल्या. सांगतात, की क्लबाचे तेव्हाचे अध्यक्ष नेस्लेच्या स्थानिक कारभाराचे प्रमुख होते. चहा कसा गेला असेल, कल्पना करा.

पुढे जपान्यांच्या कैदेतही बाई टिकल्या आणि 98 वर्षं जगल्या.

दंड तीनशे फ्रँक

1974 मध्ये ‘वॉर ऑन वॉन्ट’ या ब्रिटिश संस्थेनं माइक मुलर यांची एक पुस्तिका काढली, ‘द बेबी किलर’. मुद्दा साधा. गरीब देशात डबा महाग, म्हणून आई तो पुरवून पुरवून वापरते. चार चमच्यांच्या जागी दोन. पाणी नदीचं, सरपण कमी, बाटली उकळायची कशात? बाळाला मिळतं पांढरं पाणी आणि जुलाब.

बर्नमधल्या एका छोट्या गटानं ही पुस्तिका जर्मनमध्ये काढताना शीर्षकात थेट नेस्लेचं नाव घातलं. कंपनीनं बदनामीचा खटला भरला. दोन वर्षं तो गाजला, जगभरच्या पेपरांत. 1976 मध्ये निकाल: गट दोषी, दंड प्रत्येकी 300 फ्रँक. आणि त्याच दमात न्यायाधीशांनी कंपनीला जाहिरातीच्या पद्धती बदलायला सांगितलं. खटला जिंकावा आणि अब्रू जावी, याचं हे पाठ्यपुस्तकात घालण्याजोगं उदाहरण.

4 जुलै 1977 ला अमेरिकेत मिनीॲपोलिसहून बहिष्कार सुरू झाला. कॉफी बंद, चॉकलेट बंद. पुढच्या वर्षी सिनेटर एडवर्ड केनेडींनी सुनावणी घेतली. तिथे नेस्लेच्या ब्राझीलमधल्या प्रमुखांनी सांगितलं, की हा मुक्त अर्थव्यवस्थेवरचा हल्ला आहे आणि त्यामागे चर्चची जागतिक संघटना आहे. नदीच्या पाण्याचं काय, हा प्रश्न तिथेच राहिला. बहिष्कार 1984 मध्ये थांबला, 1988 मध्ये पुन्हा सुरू झाला. कारण? हॉस्पिटलांना फुकट जाणारे डबे. म्हणजे तेच बियाणं.

118 विरुद्ध 1

मे 1981, जिनिव्हा. जागतिक आरोग्य परिषदेत दूधपावडरच्या प्रचारासाठी आंतरराष्ट्रीय आचारसंहिता मतदानाला आली. बाजूनं 118. तटस्थ तीन: अर्जेंटिना, जपान, दक्षिण कोरिया. विरोधात एकटी अमेरिका. अमेरिकी मदत संस्थेतल्या दोन बड्या अधिकाऱ्यांनी त्यावरून नोकऱ्या सोडल्या.

रेगन सरकारचा युक्तिवाद भाषणस्वातंत्र्याचा होता आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. खरं बोलून माल विकायला बंदी का? ग्राहकाला माहिती मिळणं वाईट कसं? फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयानंही 2007 मध्ये कडक नियमांपैकी बहुतेक राखले, पण जाहिरातीवरची सरसकट बंदी उडवली. माझं म्हणणं एवढंच: माहिती जरूर द्या, पण देणाऱ्याच्या खिशात डब्याचे पैसे पडत असतील तर तिला माहिती म्हणू नका.

दोन नंबरचा धंदा

कायदा एक दार बंद करतो तेव्हा कंपनी डब्यावर 2 लिहिते. ब्रिटनमध्ये जन्मापासूनच्या पावडरीची जाहिरात लोकांपुढे करता येत नाही. सहा महिन्यांनंतरच्या ‘फॉलो-ऑन’ पावडरीची करता येते. मग 1 नंबरचा डबा आणि 2 नंबरचा डबा जुळे भाऊ. तेच नाव, तोच रंग, तेच चिन्ह. जाहिरात धाकट्याची, खप थोरल्याचा. तिथली सरकारी आरोग्यसेवा तर सांगते, की सहाव्या महिन्यात 2 नंबरवर जाण्याचा काही फायदा संशोधनात दिसलेला नाही.

आपल्या कायद्यात दोन वर्षांपर्यंतचं सगळं येतं, त्यामुळे ही पळवाट इथे बुजलेली. फोनमधली अजून उघडी आहे.

2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ऑनलाइन प्रचारावर अहवाल काढला. पावडरीचे 60 ब्रँड मिळून समाजमाध्यमांवर दिवसाला साधारण 90 पोस्ट टाकत होते, आणि त्या पोचत होत्या 22.9 कोटी लोकांपर्यंत. बेबी क्लब, मोफत सल्ला, ‘रात्री तीन वाजता बाळ रडतंय? आम्ही आहोत.’ त्याच वर्षी युनिसेफसोबतचाही एक अहवाल आला; त्यासाठी आठ देशांत 8,500 पालकांना आणि गरोदर बायकांना विचारलं होतं. निम्म्यांहून जास्त म्हणाले, कंपन्या आमच्यापर्यंत पोचल्या. या धंद्याची उलाढाल वर्षाला 55 अब्ज डॉलर. आपल्याकडे या कायद्याखालचा दंड जास्तीत जास्त 5,000 रुपये, तुरुंग तीन वर्षांपर्यंत. तुरुंगाचं सोडा, 5,000 म्हणजे फोटोशूटच्या दिवशीचा चहापाण्याचा खर्च.

इकडचं तिकडचं

पापुआ न्यू गिनीत 1977 पासून दुधाची बाटली आरोग्य कर्मचाऱ्याच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही.

ब्राझीलमध्ये पोस्टमन पत्रांबरोबर अंगावर पाजण्याची माहितीही घरोघर देत. तिथे अग्निशमन दलाचे जवान घरी येऊन दान केलेलं आईचं दूध घेऊन जातात.

2008 मध्ये चीनमध्ये पावडरीत मेलामाइन मिसळल्याचं उघड झालं, तीन लाखांच्या आसपास बाळं आजारी पडली, सहा दगावली. त्यानंतर चिनी पालकांनी हाँगकाँगमधले डबे असे उचलले, की 2013 मध्ये तिथून बाहेर पडताना माणशी दोन डबे, म्हणजे 1.8 किलो, अशी मर्यादा आली. सामानात जास्तीचे डबे सापडले की खटला.

मग पावडर विष आहे का?

नाही हो. आई गेली असेल, गंभीर आजारी असेल, बाळ दत्तक असेल, अंगावर पाजताना न चालणारी औषधं चालू असतील, खरोखरच दूध येत नसेल, किंवा तिनं विचार करून ठरवलं असेल, तर डबा हा आधार आहे. त्या बाईला बघून नाक मुरडणाऱ्यांना एखादी रात्र रडतं बाळ सांभाळायला द्यावं.

आणि आईच्या दुधाचे गोडवेही तोलून गावेत. बेलारूसमध्ये 1996-97 मध्ये 17,000 हून जास्त आई-बाळांच्या जोड्यांवर मोठा अभ्यास झाला. जिथे स्तनपानाला जास्त मदत मिळाली तिथल्या बाळांना पोटाचे संसर्ग आणि इसब कमी झाले. पुढे लठ्ठपणात आणि दम्यात मात्र फरक दिसला नाही. फायदा खराच, जादूची कांडी नव्हे.

खरी गोम वेगळीच. जाहिरात बंद केली, पण तिच्या जागी धड माहिती कुणी ठेवली? किती जणींना कुणी सांगितलेलं असतं, की पावडर निर्जंतुक नसते? ती कालवायला निदान 70 अंशांचं गरम पाणी घ्यावं आणि मग बाटली थंड करून पाजावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. किंवा डबा महाग असो की स्वस्त, त्यातलं पोषण कायद्यानंच पुरेसं असावं लागतं, हे तरी कुणी सांगितलं? ब्रिटनच्या स्पर्धा प्राधिकरणानं 2025 मध्ये हेच सांगितलं: लोकप्रिय ब्रँड सोडून स्वस्तातला घेतला तर पालकांचे पहिल्या वर्षात साधारण 300 पौंड वाचतात. तिथे 1 नंबरच्या डब्यांवर दुकानदार सूट देऊ शकत नाहीत. कंपनीला आवरायला केलेला नियम, झळ आईच्या पर्सला.

वर्धा, सायन आणि एसटी स्टँड

आता घरचं. या कायद्याची पाठराखण करणारं ‘ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया’ स्थापन झालं 3 डिसेंबर 1991 ला, आपल्या वर्ध्यात. कायदा मोडला तर तक्रार करायचे अधिकार ज्या मोजक्या संस्थांना मिळाले, त्यांतली ‘अकॅश’ मुंबईची. तिनं 1994 मध्ये डब्यावरच्या मजकुरावरून नेस्लेला दिल्लीच्या कोर्टात खेचलं.

आणि जिला दूध येतच नाही तिच्या बाळाचं काय, याचं पावडरीपलीकडचं उत्तरही मुंबईनंच दिलं. सायन हॉस्पिटलमध्ये 1989 साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. दूध जास्त असलेल्या आया ते देतात. ते 62.5 अंशांवर अर्धा तास तापवतात, तपासतात, गोठवून ठेवतात आणि वेळेआधी जन्मलेल्या मूठभर बाळांना नळीनं, वाटी-चमच्यानं देतात. पैशाचा व्यवहार नाही. 2024 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानंही बजावलं, की आईचं दूध विकता येणार नाही. कुणाच्या डोक्यात तो धंदा शिरला होता, म्हणून तर बजावावं लागलं.

राहता राहिली प्रवासातली आई. रायगडाचे दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्या बाळासाठी कडा उतरून गेलेल्या हिरकणीचं नाव आपण एसटी स्टँडवरच्या खोल्यांना दिलं. हिरकणी कक्ष. पाटी ठळक असते. दार उघडं आहे की किल्ली कंट्रोलरच्या ड्रॉवरमध्ये आहे, ते मात्र स्टँडवर जाऊनच बघावं लागतं.